मारका मासा : कोनराड लोरेन्झ पुन्हा वाचताना

सांगलीत समुद्र बनवावा लागतो. आरओच्या दर लिटर पाण्यामागे साधारण ३५ ग्रॅम मीठ घ्यायचं. हे स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे क्षार मोजून घातलेलं मत्स्यालयाचं मीठ मिळतं, ते लागतं. बादलीत रात्रभर ते फिरत ठेवायचं आणि सकाळी हायड्रोमीटरचा काटा १.०२५च्या आसपास येतो का ते बघायचं. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर २५५ लिटर पाणी आणि जवळजवळ नऊ किलो मीठ. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि टाकी आपोआप खारट होत जाते. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं. नवा माणूस इथे हमखास चुकतो. तो खारं पाणी घालत राहतो आणि मासे का मरतात म्हणून विचारत बसतो.

हे सगळं मी २०१८पासून करतोय. लिहायचं मात्र आहे ते एका पुस्तकाबद्दल. ते मी टाकीच्या बरंच आधी वाचलं, त्यावर विश्वास ठेवला, आणि टाकीसमोर बसून पुन्हा वाचलं तेव्हा तो विश्वास उडाला. ‘ऑन अ‍ॅग्रेशन’ हे ते पुस्तक. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञानं ते जर्मनमध्ये १९६३ साली लिहिलं. मूळ नावाचा अर्थ ‘तथाकथित दुष्टपणा’ असा काहीसा होतो. १९६६मध्ये ते इंग्रजीत आलं आणि जगभर वाचलं गेलं. १९७३ साली लोरेन्झना टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. मी ते १९९४मध्ये पुण्याच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत घेतलं. तेव्हा मी विलिंग्डन महाविद्यालयात शिकत होतो आणि सुट्टीला साताऱ्याला घरी जायचो.

घरी वडील होते. वडिलांचा राग हा आमच्या घरातला पाचवा माणूस होता. जेवताना ताट भिरकावलं जायचं, दार आपटलं जायचं, कधीकधी आईवर हात उठायचा. शेजारपाजारचे आणि नातेवाईक एकच सांगत : मनानं वाईट नाही हो, रागीट आहे, निघून गेला की गेला. पुस्तक वाचून मला वाटलं, याला आता शास्त्राचा आधार मिळाला. मी आईला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. राग शरीरात आपोआप साठत जातो, वाट मिळाली नाही तर कुठेतरी फुटतो, त्यात त्या माणसाचा दोष फारसा नसतो, वगैरे. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आणि मला येत नाही होय रे राग?”

मला तेव्हा वाटलं, तिला मुद्दा कळला नाही.

*

आधी पुस्तकाचं जे चांगलं आहे ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. लोरेन्झ सुरुवात करतात ती समुद्रात पोहण्यापासून. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रवाळांमध्ये ते तरंगत आहेत आणि खाली मासे आहेत. काही मातकट, काही भडक, जाहिरातीच्या भित्तीपत्रकासारखे रंगवलेले. भडक मासे एकेकटे राहतात आणि आपल्याच जातीचा दुसरा दिसला की तुटून पडतात. दुसऱ्या जातीचा मासा शेजारून गेला तरी ढुंकून बघत नाहीत. हे का, असा प्रश्न त्यांना पडतो आणि ते असे मासे टाकीत आणून पाळतात. दुसरं प्रकरण म्हणजे खाऱ्या पाण्यातले भांडखोर मासे घरात पाळणाऱ्या कुणाही माणसाची रोजनिशी वाटेल असं आहे. कोण कुणाला चावला, कुणी कुठला कोपरा धरला, आज कोण मेलं. नोबेल मिळालेला माणूस टाकीसमोर खुर्ची टाकून तासन्‌तास बसलाय, हे मला आजही फार लोभस वाटतं.

त्यांचं उत्तर असं : एकाच जातीच्या माशांना खाद्य एकच लागतं, म्हणून त्यांनी एकमेकांपासून लांब पसरून राहणं जातीच्या फायद्याचं. भांडण हे त्या पसरण्याचं साधन. त्यासाठी ते व्यवसायांचा दाखला देतात. एका भागात बरेच डॉक्टर किंवा बरेच मेकॅनिक पोट भरणार असतील तर त्यांनी एकमेकांपासून दूर दुकान थाटणं बरं. इथे सांगलीचा वाचक थबकतो. आमच्याकडे हळदीचे अडते खांद्याला खांदा लावून बसतात. साताऱ्यात कंदी पेढ्यांची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. शेजारी स्पर्धक असला की गिऱ्हाईक तिकडे येतं, हे बाजाराला शेकडो वर्षं ठाऊक आहे. माशांबद्दलचा लोरेन्झचा अंदाज त्यामुळे चुकीचा ठरत नाही. पण माशावरून माणसावर उडी मारताना ते खाली बघत नाहीत, ही त्यांची सवय पहिल्यांदा इथेच दिसते.

याच भागात त्यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे. खुल्या समुद्रात अशा भांडणांत रक्त सहसा सांडत नाही. हरलेला मासा जिंकणाऱ्याच्या हद्दीबाहेर पळतो आणि जिंकणारा फार लांब पाठलाग करत नाही. आपल्या जागेपासून जितका दूर जाईल तितका त्याचा जोर ओसरतो. टाकीत मात्र पळायला जागा नसते, म्हणून तिथे हरलेला पुष्कळदा मरतो. हे वाक्य मी पहिल्या वाचनात नुसतं ओलांडून गेलो होतो. लोरेन्झही, पुढची प्रकरणं बघता, ओलांडूनच गेले असं म्हणावं लागतं.

*

आता माझी टाकी. पुण्याच्या एका दुकानदारानं मला सुरुवातीला तीन डोमिनो दिले. काळाभोर मासा, अंगावर तीन पांढरे ठिपके, रुपयाच्या नाण्याएवढा. हिंदी महासागरात, आपल्या लक्षद्वीप-अंदमानाकडेही तो असतो. पिल्लं समुद्रफुलांच्या आसऱ्यानं राहतात, मोठा झाला की १४ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि ठिपके पुसट होतात. अतिशय चिवट. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो; त्याचं नायट्राइट आणि मग तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला चार-सहा आठवडे जातात. तेवढे दिवस ते विष पचवत जगेल असा मासा म्हणून डोमिनो खपवतात. टाकी ‘पिकवायला’ मासे लागतच नाहीत, कोळंबीचा एक तुकडा कुजत टाकला तरी काम होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या महिन्यात तिघांतल्या मोठ्यानं डावीकडचा दगड धरला. हा दगड साधा सिरॅमिकचा होता. खरी प्रवाळं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार संरक्षित आहेत, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. त्या निर्जीव ठोकळ्यासाठी त्यानं उरलेल्या दोघांना फिल्टरच्या नळीमागच्या वरच्या कोपऱ्यात कोंडलं. मधलं अंतर तीन फुटांचं. तिथवरही तो जायचा. समुद्रात तीन फुटांवर त्याची हद्द संपली असती की नाही ते मला सांगता येत नाही. इथे मात्र तीन फुटांनंतर काच होती आणि ते दोघं काचेला टेकलेले होते. एके सकाळी त्यातला एक तळाशी पडलेला मिळाला, शेपूट कुरतडलेली.

मी टाकीत मधोमध अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पडदा लावला, पाणी फिरायला भोकं पाडलेला. डावीकडे मोठा, उजवीकडे धाकटा. मोठा दिवसभर पडद्यावर धडका द्यायचा. आणि इथे मला लोरेन्झ आठवले, कारण त्यांच्या पुस्तकातली सगळ्यात प्रसिद्ध काच अशीच आहे.

चौथ्या प्रकरणात ती येते. तो मासा आपल्याकडचाच आहे. केरळ-कर्नाटकाच्या आणि श्रीलंकेच्या खाडीपाण्यातला, पिवळा, बोटाएवढा एट्रोप्लस. गोव्यात काळुंदर म्हणून ताटात येतो त्याचा हा धाकटा चुलत. अशा माशांची जोडी एकटी ठेवली तर नर मादीला मारायला उठतो. उपाय काय? काचेपलीकडे दुसरी जोडी ठेवायची. नर आपला राग पलीकडच्या नरावर काढतो आणि घरात सुखानं नांदतो. लोरेन्झ सांगतात की काचेवर शेवाळ चढून ती धूसर झाली आहे हे त्यांना कळायचं ते नर बायकोशी वाईट वागू लागला यावरून. निष्कर्ष : राग आतून साठत जातो. शेजारी मिळाला तर शेजाऱ्यावर, नाही तर बायकोवर. वड्याचं तेल वांग्यावर निघतं, असं आपण म्हणतो तेच.

माझ्याही पडद्यावर शेवाळ चढलं. मी मुद्दाम दोन आठवडे पुसलं नाही. मोठ्याच्या बाजूला एक छोटा गोबी होता आणि दोन शंखखेकडे होते. लोरेन्झच्या हिशोबानं आता त्यांची पाळी होती. पण काच धूसर झाल्यावर मोठा शांत झाला. दगडाभोवती फिरायचा, खायचा, गोबीकडे बघायचाही नाही. पडदा पुसल्यावर त्याच दुपारी धडका सुरू.

एका माशावरून काही सिद्ध होत नाही. माझा डोमिनो एकटा होता, जोडीनं नव्हता. गोबी वेगळ्या जातीचा. लोरेन्झच्या माशांची आणि माझ्या माशाची तुलना सरळ होणार नाही. पण यामुळे मी त्यांची गोष्ट दुसऱ्या बाजूनं वाचायला लागलो. त्या पिवळ्या माशाच्या मादीला मार खावा लागला तो काच धूसर झाल्यामुळे, की तिला त्या टाकीतून कुठेच जाता येत नव्हतं त्यामुळे? समुद्रात पळून गेलेला मासा वाचतो आणि टाकीत मरतो, हे दोन प्रकरणं आधी याच लेखकानं लिहिलं होतं.

*

मग मी ते चौथं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचलं. राग आपोआप साठतो, त्याला बाहेरचं कारण लागत नाही, हा पुस्तकाचा कणा आहे आणि त्याचे मुख्य पुरावे इथेच आहेत. पहिला पुरावा टाकीतली जोडी. दुसरा, ध्रुवीय मोहिमांतली माणसं : मूठभर लोक महिनोन्‌महिने एकत्र, बाहेरचं कुणी नाही, आणि मित्राच्या खाकरण्यासारख्या क्षुल्लक सवयीनंही डोक्यात तिडीक जाते. तिसरा, युद्धकैद्यांची छावणी. लोरेन्झ स्वतः १९४८पर्यंत सोव्हिएत कैदेत होते आणि हा अनुभव त्यांचा स्वतःचा आहे. शहाण्या माणसानं अशा वेळी बाहेर जाऊन एखादी स्वस्त वस्तू दणकन फोडावी, असा त्यांचा सल्ला आहे.

टाकी, बर्फातला तंबू, तुरुंग. तिन्हींना दार नाही. दार नसलेल्या जागी प्राणी कसे वागतात ते बघायचं आणि त्यावरून प्राण्याच्या आत काय साठलंय ते सांगायचं, अशी ही रीत आहे. भिंतीचा हिशोब कुठेच लागत नाही.

चौथा पुरावा वेगळा आहे आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. लोरेन्झची एक विधवा आत्या की मावशी होती. तिच्याकडे मोलकरीण आठ-दहा महिन्यांपेक्षा जास्त टिकत नसे. नवी आली की ती देवदूत. काही महिन्यांनी तिच्यात लहानसहान खोड्या दिसू लागायच्या. मग मोठे दोष. शेवटी कडाक्याचं भांडण आणि हकालपट्टी. पुन्हा नवी मुलगी, पुन्हा देवदूत. लोरेन्झ हे गमतीनं सांगतात, वाचताना हसूही येतं. राग कसा महिन्यांच्या हिशोबानं भरत जातो याचा हा नमुना. या गोष्टीत बाईच्या आत काय भरत होतं ते आहे. मोलकरणीच्या आत काय भरत होतं त्याबद्दल अवाक्षर नाही. तिलाही राग येत असेल. तो कधी मालकिणीवर फुटला नाही. तो का फुटला नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञाला पडायला हवा होता. राग जर नुसता आतून साठणारा असेल तर तो मालकिणीत आणि मोलकरणीत सारखाच साठेल. फुटतो मात्र एकाच दिशेनं.

माझ्या आईनं १९९४ साली भाजी निवडताना हाच आक्षेप घेतला होता. सात शब्दांत.

तिच्या आक्षेपाला मी नंतर वडिलांच्या बाजूनंही तपासून पाहिलं. वडील कचेरीत मवाळ होते. साहेबापुढे आवाज चढवल्याचं कुणी कधी पाहिलं नाही. मी सातवीत असताना त्यांनी मला मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं. मरीन ड्राइव्हवरची १९५१मधली ती इमारत, अंधारी दालनं, उजळलेल्या काचा. दिवसभर गर्दी, उकाडा, गाडीला उशीर, माझा हट्ट. चिडायला शंभर कारणं होती. ते एकदाही चिडले नाहीत. रात्री साताऱ्याला घरी पोचलो, आमटी गार होती म्हणून ताट गेलं. साठलेलं पाणी असं पत्ता शोधत जात नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे खरं, पण वांगं दर वेळी तेच का?

आई एकदा माहेरी, वाईला, निघून गेली होती. आठव्या दिवशी मामानं तिला आणून सोडलं. तेव्हा तिच्यासाठी ते दार बंद झालं.

*

मराठीला लोरेन्झचं पुस्तक पटकन पटतं याचं एक कारण आपली भाषाच आहे. आपला राग तुंबतो, उफाळतो, उतू जातो, ओसरतो. आपण तो गिळतो, काढतो. लोरेन्झच्या सिद्धांताला अभ्यासक पाण्याच्या टाकीची उपमा देतात : वर साठा, खाली झडप, दाब वाढला की पाणी बाहेर. कोयना आणि कृष्णेच्या काठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण याच काठावर आम्ही ऑगस्ट २०१९ पाहिला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांवर गेलं. नंतर कित्येक महिने सांगलीत एकच चर्चा होती. पाणी कुठल्या धरणातून सोडलं, कुणी सोडलं, कधी सोडायला हवं होतं, पूररेषेच्या आत बांधायला परवानगी कुणी दिली. पाऊस अफाट पडला हे सगळ्यांनाच मान्य होतं, तरी पाणी आपोआप आलं असं म्हणून कुणी गप्प बसलं नाही. घरातल्या रागाबद्दल मात्र आपण पावसापाशीच थांबतो. दरवाजे कुणाच्या हातात होते, हे विचारत नाही.

त्या पुराआधी, पाणी चढायला लागलं तेव्हा, मी दोन्ही डोमिनोंना २० लिटरच्या एका झाकणाच्या बादलीत घेतलं, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला आणि तासगाव-विट्यावरून साताऱ्याला आईकडे गेलो. वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मंगळवार पेठेतल्या घरात धान्याचं एक प्लॅस्टिकचं पिंप स्वच्छ करून आम्ही त्यात खारं पाणी केलं. गोबी आणि खेकडे मात्र सांगलीतच राहिले. वीज गेल्यावर ते वाचले नाहीत. त्याचा दोष माझा.

पिंपात दगड नव्हता, कोपराही नव्हता. ज्या दोघांमध्ये मला भिंत घालावी लागली होती ते तीन आठवडे हवेच्या बुडबुड्यांजवळ शेजारी शेजारी राहिले. एकदाही धडक नाही. आई रोज दुपारी वाकून बघायची. सांगलीला परत आणल्यावर टाकीत दगड रचले आणि तासाभरात पाठलाग सुरू झाला.

लोरेन्झ यावर म्हणाले असते की पिंपात भीतीनं राग दाबला गेला होता आणि टाकीत तो फुटला. तसंही असू शकेल. घाबरलेला मासा भांडत नाही. पण मग साठण्याचा सिद्धांत कशानंच खोटा ठरणार नाही. मासा भांडला तर साठलेलं बाहेर आलं, नाही भांडला तर साठतंय. ज्या म्हणण्याला कुठलाच मासा खोटं पाडू शकत नाही ते म्हणणं माशांबद्दल काही सांगत नाही. मला जे दिसलं ते एवढंच की दगड आला तसं भांडण आलं. भांडण माशाच्या पोटात नव्हतं, मासा आणि दगड यांच्यात होतं.

*

हे आक्षेप मी पहिल्यांदा घेत नाही. लोरेन्झच्या सहजप्रेरणेच्या कल्पनेवर डॅनियल लेहरमन यांनी १९५३मध्येच, म्हणजे हे पुस्तक येण्याच्या दहा वर्षं आधी, कडक टीका केली होती : प्राण्याची वाढ कुठल्या परिस्थितीत झाली हे वगळून त्याच्या वर्तनाबद्दल बोलता येत नाही. १९६८मध्ये अ‍ॅश्ली मॉन्टेग्यू यांनी या पुस्तकाला उत्तर देणारे लेख एकत्र छापले. १९८६ साली सेव्हिल इथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी निवेदन काढलं की युद्ध माणसाच्या रक्तातच आहे असं म्हणायला विज्ञानात आधार नाही. लोरेन्झ १९३८मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते आणि १९४०मध्ये त्यांनी वंशशुद्धीच्या भाषेत लिहिलं होतं, हेही वाचकाला माहीत असावं. त्यावरून मासे बघण्याची त्यांची नजर खोटी ठरत नाही. पण जो माणूस एका काळात भिंती बांधणाऱ्यांच्या बाजूला होता त्याच्या पुस्तकातून भिंतच गायब आहे, हे मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्याकडे याच सुमारास हिंसेकडे बघत होते ते विजय तेंडुलकर. हिंसा माणसात मुळातच आहे असं तेही म्हणत, आणि त्या अर्थानं ते लोरेन्झच्या जवळचे वाटतात. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी, साताऱ्यात जन्मलेल्या, त्यांचं ‘गिधाडे’ रंगभूमीवर आणलं. बाप, मुलगे, मुलगी, सून एका घरात एकमेकांचे लचके तोडतात. पण तेंडुलकर नाटककार होते, आणि नाटककाराला नेपथ्य लागतं. घर कुणाचं, वाटा कुणाचा, पैसा कुठे दडलाय, सून कुणाच्या भरवशावर तिथे आहे, हे सगळं त्यांना दाखवावंच लागलं. त्यामुळे त्यांचं स्वतःचं मत काहीही असो, नाटकात हिंसेला पत्ता मिळाला. लोरेन्झना निबंधात नेपथ्य टाळता आलं.

तरी हे पुस्तक वाचू नका असं मी म्हणणार नाही. पहिली दोन प्रकरणं मासे पाळणाऱ्या प्रत्येकानं वाचावीत. भांडखोर मासा टाकीत सगळ्यात शेवटी सोडावा, नवा आणताना दगडांची रचना बदलावी, लपायला जागा ठेवावी, हे नियम छंद करणाऱ्यांनी मासे मारून मारून शोधलेत. त्यांच्यामागचं कारण तिथे मिळतं. चौथं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचावं आणि प्रत्येक पुराव्याशेजारी लिहावं : दार कुठे आहे?

माझ्या टाकीत आता एकच डोमिनो आहे, मोठा. ठिपके जवळजवळ गेलेत. धाकटा मिरजेच्या एका मित्राकडे आहे. लोक विचारतात, हा मारका का? मी सांगतो, चार फुटांत मारका. दार मी त्यालाही देऊ शकत नाही. समुद्र इथून घाट उतरून पुढे आहे आणि टाकीत वाढलेला मासा तिथे सोडणं शहाणपणाचं नाही. तो आहे तोवर सांभाळायचा, पुढचा आणायचा नाही, एवढं ठरवलंय.

गेल्या वर्षी आईला मी लोरेन्झच्या त्या नातेवाईक बाईची गोष्ट सांगितली. आठ-दहा महिन्यांनी नवी मुलगी, पुन्हा देवदूत, पुन्हा भांडण. तिनं पूर्ण ऐकलं. हसली नाही. मग विचारलं, “त्या मुलींना शेवटच्या महिन्याचा पगार मिळायचा का रे?”

मी पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात ते नाही.